मूठभर पाला

पत्रावळीतल्या डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीतून कावेरीनं एक काळपट पान बोटानं उचललं आणि कडेला ठेवलं.

सकाळपासूनचं हे तिसरं शेत. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, ज्यानं बोलावलं त्याच्या शेतात जेवायचं, नाही म्हणायचं नाही. तिन्ही शेतांत भज्जीत हेच पान निघालं होतं.

"काढू नका, अक्का," चांगुणा म्हणाली. "हरभऱ्याचा वाळला पाला हाय त्यो. त्याच्याबिगर येळवस व्हती व्हय?"

"अगं, शेतात हिरवागार हरभरा उभा आहे की."

"आसू द्या. पूर्वीपासनं टाकत्यात."

कावेरीनं मांडीवरच्या वहीत लिहिलं, 'पूर्वीपासून.'

लातूर जिल्हा होऊन चार महिने झाले होते. त्याच्या पुस्तिकेसाठी येळवशीवर एक पान लिहायचं काम तिनं मागून घेतलं, ते आईचं नाव छापून यावं म्हणून. धुरपताबाई गावाची सैपाकीण. येळवस असो की लग्न, चुलीपाशी तिलाच बोलावणं. ती भादव्यात गेली. पण तिच्या हातचं असं वेगळं काय होतं, ते लेकीला सांगता येईना. लग्न होऊन नांदेडला गेल्यापासून बारा वर्षांत कावेरी एकाही येळवशीला आली नव्हती. भज्जी कशी करतेस ते कळव, असं तिनं एकदा पत्रातून विचारलं होतं. उत्तर आलं, 'ये, मग सांगते.'

कडब्याच्या कोपीच्या तोंडाशी बसलेला म्हातारा मलप्पा हसायला लागला. अंबिलीचा घोट त्याच्या मिशीवरच राहिला.

"पूर्वीपासनं म्हणं! नातसूनबाई, तू ह्या घरात येऊन चार वर्सं झाली न्हाईत."

"मग तुमी सांगा की, आज्जा."

मलप्पानं मिशी पुसली. तो कावेरीकडे वळला.

"पोरी, भात्तर सालच्या दुष्काळात रानात काडी न्हवती. गावानं ठरवलं, औंदा येळवस न्हाई. पर तुझी माय टोपलं घेऊन घरोघर फिरली. ज्याच्या मडक्यात जे आसंल, त्याची एक मूठ. कुठं तूर, कुठं वाल. हिरवं तर कुठंच न्हाई. मग कुणाच्या तरी उतरंडीतून वाळला पाला निघाला. सरकारी कामावर खडी फोडून आलेलं समदं गाव ह्याच रानात जेवलं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या साली लई पिकलं. तरी बी बायांनी मूठभर पाला टाकलाच. का म्हून, कुणी इचारलं न्हाई."

चांगुणाचा पळा भांड्यातच थांबला होता.

"आगं माय," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, देवाचं हाय."

कावेरीनं वर पाहिलं. नजर पोचेल तिथवर शेताशेतांत कडब्याच्या कोपी उभ्या होत्या. कितीतरी चुलींचा धूर वर चढत होता. त्यातल्या प्रत्येक चुलीवर आज आईचा मूठभर पाला पडला होता.

तिनं वही उघडली. 'पूर्वीपासून' खोडून त्या जागी आईचं नाव घालायला पेन्सिल टेकवली. मग काहीच न खोडता ती उचलली.

"लिवलंस का?" मलप्पानं विचारलं.

"लिहिलेलंच आहे, अप्पा."

तिनं वही मिटली, पत्रावळीच्या कडेचं पान उचललं आणि तोंडात घातलं.