पहिल्या वेलांटीची जागा

देवदत्त रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. २००० सालच्या दिवाळीनंतर फळ्यावर लिहिताना त्याच्या हातातून खडू गळायला लागला. आधी त्याने ते हसण्यावारी नेलं. मग भाट्याच्या पुळणीवर चालताना उजवा पाय ओढायला लागला, आणि संक्रांतीपर्यंत जीभही जड झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, भार्गवीला, बाजूला घेऊन सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत. हात जातील, बोलणं जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील.

"हे चांगलं म्हणायचं की वाईट?" भार्गवीने विचारलं.

घरी परतल्यावर देवदत्तने कपाटातून एक कॅल्क्युलेटर काढला. आलेख काढणारा, वीतभर लांबीचा, एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेहून पाठवलेला. असल्या कॅल्क्युलेटरसाठी, कंपनीच्या सिस्टिमच्या जागी घालायला, फ्रान्समधल्या एका हौशी माणसाने स्वतःची वेगळीच ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती आणि इंटरनेटवर सगळ्यांना खुली करून दिली होती. देवदत्त ती आपल्या यंत्रात भरून गेलं वर्षभर तिच्यासाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहीत होता. चंद्राच्या कला, भरती-ओहोटीच्या वेळा, असलं काहीबाही. आता त्याला एकच प्रोग्रॅम हवा होता. बटणं दाबली की पडद्यावर मराठी अक्षरं उमटली पाहिजेत.

"तोंड बंद पडलं की यावर बोलेन," तो म्हणाला. "पण बोटं चालत नाहीत. तू कॉम्प्युटरपुढे बस. मी सांगतो."

भार्गवी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. प्रश्नपत्रिका टाइप करण्यापलीकडे कॉम्प्युटरशी तिचा संबंध नव्हता. ती बसली.

"वाक्य संपलं की अर्धविराम दे."

"वाक्य संपल्यावर पूर्णविराम देतात."

"सीमध्ये नाही देत."

"मग ती भाषा कच्ची आहे तुमची."

तो इतका हसला की ठसका लागला, आणि त्याला दिवसभर सांभाळणारी गंगुबाई पाणी घेऊन धावत आली.

रोज शाळा सुटल्यावर दोन तास ते काम चालायचं. आलेखाच्या कागदावर भार्गवी चौकोन रंगवून एकेक अक्षर बसवायची, मग त्यांचे आकडे करून तक्त्यात घालायची. 'ज्ञ' काही केल्या नीट दिसेना, तेव्हा देवदत्त म्हणाला, "राहू दे. ज्ञानाचं मला आता काय करायचंय." कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम तयार झाला की भार्गवीने तो केबलने कॅल्क्युलेटरमध्ये पाठवायचा. काही चुकलं असेल तर यंत्र गपकन थिजायचं, मग बॅटऱ्या काढून सगळं पहिल्यापासून भरायचं.

जीभ मात्र प्रोग्रॅमसाठी थांबली नाही. आषाढात त्याचं बोलणं फक्त भार्गवीला कळायचं. श्रावण संपेतो तिलाही कळेना. तोवर अक्षरं उमटायला लागली होती, काना-मात्रा जागेवर बसत होत्या. पहिली वेलांटी तेवढी चुकत होती. ती अक्षराच्या मागून यायची आणि पुढच्याच्या डोक्यावर बसायची. 'दिवस' लिहिलं की 'दविस' दिसायचं, आणि लगेच यंत्र थिजायचं.

काय करायचं ते देवदत्तला ठाऊक होतं. तो सांगायचा प्रयत्न करायचा. घशातून नुसता आवाज यायचा.

"तक्ता चुकलाय?" भार्गवी विचारायची. त्याची मान नाही म्हणायची. "आकडा चुकलाय? दुसरी फाइल उघडू?"

नाही. नाही. चौथ्या दिवशी त्याने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. पापण्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. भार्गवीने कॉम्प्युटर बंद केला. पुढचा दीड महिना तिने तो उघडलाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ती वर्गात फळ्यावर 'दिवा' लिहीत होती. उभी रेघ आधी ओढली, मग 'द' काढला, मग वरून वेलांटी फिरवली. आयुष्यभर ती असंच लिहीत आली होती. खडू तसाच हातात धरून ती थांबली. बटण दाबताना 'द' आधी, वेलांटी नंतर. काढताना मात्र वेलांटी आधी हवी. म्हणजे कुठलंही अक्षर काढण्याआधी पुढे काय आहे ते डोकावून बघायचं, एवढंच.

घरी येऊन तिने चार ओळी लिहिल्या. यंत्र दोनदा थिजलं. तिसऱ्यांदा चाललं. तिने कॅल्क्युलेटर देवदत्तच्या मांडीवर, उशीला टेकवून ठेवला. उजव्या हाताचं एकच बोट हलत होतं. त्याला बराच वेळ लागला.

'चहात साखर घालायला विसरतेस.'

"कधीपासून?"

'तीन महिने.'

भार्गवी हसली, रडली, आणि उठून चहा करून घेऊन आली.

पुढचे पाच महिने तो बोलला. विद्यार्थ्यांबद्दल, आईबद्दल, लग्नाआधी पूर्णगडला पाहिलेल्या एका होडीबद्दल. एकेका वाक्याला पाव तास लागायचा. गंगुबाईला वाचता येत नव्हतं, ती यंत्र उचलून स्वयंपाकघरात आणायची. "वैनी, दादा काय म्हणतायत बघा."

एका दुपारी त्याने लिहिलं, 'तुला भीती वाटते?'

"छे. कशाची भीती?"

'मला वाटते.'

भार्गवीने ते वाचलं. "दूध उतू जाईल," असं म्हणून ती आत गेली. शेगडीवर दूध नव्हतं. ओट्याला धरून ती उभी राहिली, आणि बाहेर आली तोवर त्याने पडदा पुसून 'पंखा' एवढंच लिहून ठेवलं होतं. तिने पंखा लावला.

चैत्रात ते बोटही गेलं. मे महिन्यात, गंगुबाई त्याचं तोंड पुसत असताना, देवदत्त गेला.

तेराव्यानंतर त्याची बहीण नीरजा पुण्याला परतायला निघाली. जाण्याआधी म्हणाली, "वहिनी, दादा जे जे बोलला ते मला वाचायचंय. त्या यंत्रात असेल ना?"

भार्गवीने कॅल्क्युलेटर उघडून दिला. नीरजा एकेक वाक्य पुढे सरकवत गेली. 'कूस बदल.' 'पाणी.' 'उशी वर.' 'कूस.' 'पंखा नको.' 'कूस.'

"बाकीचं?"

"नाही. मेमरी थोडी असते. वीस वाक्यं ठेवायची, एकविसावं आलं की सगळ्यात जुनं पुसायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या ओळी मीच लिहिल्या."

"अगं, मग वहीत उतरवून ठेवायचंस! रोज एक ओळ!"

"मला वाटलं, अजून बोलतील."

नीरजाचा राग तिच्या चेहऱ्यावरच अडकून राहिला. तिने पायातल्या चपला काढल्या आणि परत आत येऊन बसली.

"आठवतं ते तरी सांग," ती म्हणाली.

भार्गवी सांगत गेली. होडीचं सांगितलं, आईचं सांगितलं. दुधाचं सांगताना ती उठून ओट्यापाशी गेली, मग परत येऊन बसली. नीरजाची चार वाजताची गाडी केव्हाच गेली होती. सांगता सांगता भार्गवी एका वाक्यापाशी अडखळली. 'तुझं अक्षर चांगलं आहे.'

"हे त्याने लिहिलं होतं?" नीरजाने विचारलं.

"लिहिलं असेल," भार्गवी म्हणाली. "किंवा ते लिहितील म्हणून मी वाट बघत असेन. आता नाही सांगता येत."