दिसतं तेवढंच सांगा

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, ती नव्हे. माझ्यासाठी आजवर कुणी पक्ष बदललेला नाही, फार तर रांग बदललीय. मी सिनेमागृहातली साधी खुर्ची. जी रांग, नंबर चौदा. रांगेतली शेवटची, मधल्या वाटेला लागून.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी पाय, प्लायवूडची पाठ, आत फोम आणि वर लाल रेक्झिन. खुर्ची तयार झाली की कारखान्यातला सगळ्यांत वजनदार फिटर तिच्यावर धपकन बसून बघायचा. जी कुरकुरेल ती नापास. मी कुरकुरले होते, पण नेमका त्याच वेळी तो शिंकला आणि माझं निभावलं.

मग चार बोल्ट ठोकून मला जमिनीला जखडलं, तोंड पडद्याकडे करून. जन्मठेपेचा कैदी तरी कधीमधी भिंतीकडे वळू शकतो. मला तीही सोय नव्हती. दिवसाला चार खेळ, म्हणजे एकच सिनेमा आठवड्यात अठ्ठावीस वेळा. तेव्हा मतं मलाही आहेत, आणि ती ऐकून घ्यावी लागतील.

हल्लीचे सिनेमे बघा. नायक दार उघडून आत येतो, त्यालाच वीस मिनिटं लागतात. आधी त्याचे बूट, मग मनगट, मग पाठ, मग दाढी. एवढ्या वेळात आमचा डोअरकीपर अख्ख्या बाल्कनीची तिकिटं फाडून चहा पिऊन येतो. चाळीस गुंड एकेक करून मार खायला येतात, रेशनच्या रांगेतही नसते इतकी शिस्त. आणि अडीच तास बसून झाल्यावर पडद्यावर येतं, 'पुढचा भाग दोन वर्षांनी'. अहो, माझ्यावर बसणाऱ्यांतले काही सत्तरीचे असतात. त्यांनी काय करायचं?

प्रेक्षकही काही कमी नसतात. अंधारात फोन घेऊन ओरडतात, "हो, सिनेमातच आहे, बोल की!" खाली चिकटवलेल्या च्युइंगमांवरून माझं वय मोजता येईल. पण हे सगळं राहू दे. मला सांगायचंय ते एका जोडप्याबद्दल.

त्यांना सगळे प्रूफकाका आणि काकू म्हणत. काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचा पगार घेतला. निवृत्त झाले तरी सवय जाईना, म्हणून सिनेमाला येऊ लागले. काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून त्यांनी जन्मभर माणसांचे आवाज ऐकले. दर शुक्रवारी, तीनचा खेळ, काका तेरावर आणि काकू माझ्यावर. काकू बसायच्या हलक्या हाताने, आधी माझ्या हातावरची धूळ पुसून. असा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

मग काकूंचे डोळे गेले. एकदम नाही, दोन वर्षांत. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. शेवटी शेवटी त्या पडद्याकडे मान वाकडी करून बघायच्या. एका शुक्रवारी ते आलेच नाहीत. त्यानंतर सहा महिने माझ्यावर कोण कोण बसलं ते सांगण्यात अर्थ नाही.

सहा महिन्यांनी डोअरकीपरची बॅटरी माझ्यावर पडली आणि मागून काकूंचा आवाज आला, "माझी मला बसता येतं. तुम्ही फक्त पायरी सांगा."

बसल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "हे बघा, ऐकायला मला कान आहेत. तुम्ही फक्त दिसतं ते सांगा. हळू आवाजात."

काकांनी सुरुवात केली. हळू आवाज त्यांच्या गावीही नव्हता.

"नायक आलाय. पाऊस पडतोय, पण याचा शर्ट कोरडा आहे."

"मारामारी?"

"चाललीय. एकाला फेकला. तो अजून हवेतच आहे. अजून आहे. आता नायिका आली, ती नायकाच्या मुलीच्या वयाची दिसते. नाही, मुलगी दुसरी आहे. ही बायकोच आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं, "ओ काका, गप्प बसा की!" त्याच्या शेजारचा म्हणाला, "बोलू द्या हो, सिनेमापेक्षा बरं चाललंय."

झालं! पुढच्या महिन्यापासून शुक्रवारी तीनच्या खेळाला जी, एच आणि एफ या रांगा आधी भरू लागल्या. लोक पडद्याचं तिकीट काढायचे आणि काकांचा सिनेमा ऐकायचे. एका श्रीमंत घराण्याच्या रडक्या सिनेमाला काका म्हणाले, "एवढं मोठं स्वयंपाकघर, पण कुणाला दोन वेळचं जेवताना दाखवलं नाही. म्हणूनच ही माणसं रडत असतील." अख्खी रांग हसली. भुताच्या सिनेमाला म्हणाले, "भूत आलं. आमच्या फोरमनपेक्षा प्रेमळ दिसतंय."

काकूही हसायच्या. पण मला त्यांच्या पाठीवरून कळायचं, त्या मध्येच ताठ व्हायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, ते पडद्यावर आहे की तुमच्या डोक्यात?" काका म्हणाले, "दोन्हीकडे."

मग तो सिनेमा आला. त्यातल्या नायिकेची दृष्टी अपघातात जाते. जिथे तिथे त्याचीच चर्चा, तिकीट मिळत नव्हतं, माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती. शुक्रवारी काका-काकू आले. मध्यंतरापर्यंत काकांनी नेहमीप्रमाणे फिरकी घेतली. मध्यंतरानंतर पडद्यावरची नायिका नवऱ्याला म्हणाली, "मी तुमच्यावर ओझं होणार नाही."

काकूंची बोटं माझ्या हातात रुतली. काकांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांची फिरकी तिथेच थांबली.

शेवटची दहा मिनिटं त्या सिनेमात कुणी बोलत नाही. नुसतं संगीत आणि लाटांचा आवाज. नायिका पांढरे कपडे घालून, हात पुढे करून, समुद्रात चालत जाते. सगळं थिएटर हुंदके देत होतं.

"काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

"ती... स्टेशनवर चाललीय," काका म्हणाले. "हातात बॅग आहे. नोकरी लागलीय वाटतं दुसऱ्या गावी."

"मग लोक रडतायत का?"

"आनंदानं."

"आणि हा समुद्राचा आवाज?"

"स्टेशन किनाऱ्यावर आहे."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. मला वाटलं, चला, खपलं! मला काय ठाऊक, की जन्मभर फोनवर लोकांच्या थापा ऐकलेल्या बाईपुढे हे चालणार नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा आले. सिनेमा तोच होता. खेळाला अजून वेळ होता, दिवे लागलेले होते, आमच्या रांगेत तिसरं कुणी नव्हतं. काका कुरकुरत होते, "पाहिलेला सिनेमा पुन्हा कशाला?"

"मी कुठे पाहिलाय?" काकू म्हणाल्या. "मेली ना ती बाई?"

काका तिकिटाची घडी घालू लागले.

"धाकट्या बहिणीचा फोन आला होता. रडत रडत सगळं सांगितलं तिनं. स्टेशनबिशन काही नव्हतं म्हणे. मला तर तेव्हाच कळलं होतं. खोटं बोलताना तुम्ही आवंढा गिळता."

"अगं, कसं सांगणार होतो?" काका म्हणाले. "दूध सांडलं त्या दिवशी तू ओट्यापाशी उभी राहून हेच म्हणाली होतीस. शब्द न् शब्द. मी ओझं झालेय म्हणून. आणि ही बाई तेच म्हणून सरळ समुद्रात शिरते, आणि लोक म्हणतात, वा! माझा घसाच बंद झाला."

"मग घसा बंद झाला, असं म्हणायचं." काकू पूर्ण त्यांच्याकडे वळल्या. "दूध सांडल्यावर माणूस काहीही बोलतं. तुम्ही भाजी करपवलीत तेव्हा घर सोडून जाईन म्हणाला होतात. गेलात?"

"नाही."

"छापखान्यात लेखकाचं वाक्य आवडलं नाही म्हणून कधी बदललंत?"

"छे! नोकरी गेली असती."

"मग माझ्याच बाबतीत का? तिथे काना-मात्रा सुधारायचात, गोष्ट नाही. मला दिसत नाही, अहो. मत आहे. तुम्ही गोष्टच बदललीत तर मी मत कशावर देऊ? सगळे रडले, सगळे भांडले, आणि मी एकटीनं खुळ्यासारखं तिच्या नोकरीचं कौतुक करत बसायचं?"

काकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "चुकलं."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला हा शब्द किती जड गेला असेल! माझ्या शेजारची तेरा नंबर नंतर म्हणाली, ते बोलले तेव्हा त्यांचं सगळं वजन एका बाजूला गेलं होतं.

दिवे गेले. त्या दिवशी काकांनी कोटी केली नाही, टोमणा मारला नाही. जे दिसलं तेवढंच सांगितलं. "ती नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवतेय. आता सासूच्या. आता दुकानदाराच्या."

"दुकानदाराच्या?" काकू पुटपुटल्या. "मी आजवर कुणाच्या तोंडावरून हात फिरवलाय? मार खाईन."

"तिनं फुलदाणी पाडली. दुसरी पाडली."

"घरात रोज नवी फुलदाणी कोण आणून ठेवतंय? त्याला आधी धरा."

मग ती शेवटची दहा मिनिटं आली. काका एकेक वाक्य सांगत गेले. "पहाट आहे. तिनं दार उघडलं. हातात काठी नाही. वाळू आहे. ती सरळ चाललीय. पाणी पायाला लागलं. गुडघ्यापर्यंत आलं. ती हसतेय. आता... आता फक्त पाणी दिसतंय."

संगीत थांबलं. सातशे माणसं नाक ओढत होती. आणि त्या शांततेत, टेलिफोनच्या केंद्रात शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा तशा खणखणीत आवाजात काकू म्हणाल्या,

"मघापर्यंत हिला दारातलं पायपुसणं सापडत नव्हतं. समुद्र बरा सापडला!"

मग एच रांगेतून एक फिस्सकन हसू फुटलं, मग एफमधून, आणि बघता बघता हुंदके कुठे संपले आणि हसणं कुठे सुरू झालं ते समजेना. एक बाई मात्र चिडल्या, "लाज नाही वाटत? बिचारी आंधळी होती!"

"मीही आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर सांगतेय. नवरा जिवंत आहे, पाय धड आहेत, आणि हिनं एकदा तरी त्याला विचारायचं की नाही, अहो, मी तुम्हाला ओझं झालेय का म्हणून?"

सगळीकडे दिवे लागत होते. काका चष्मा काढून पुसत होते, आणि तो पुसून होईना. मग म्हणाले, "विचारलंस तर सांगतो. आहेस थोडी. पायऱ्यांवर."

काकू इतक्या हसल्या की मी चारही बोल्टांसकट हलले.

त्या दिवसापासून कायदा ठरला. दिसेल ते काकांनी सांगायचं, मत काकूंनी द्यायचं. काकांनी मध्येच "छान घेतलंय" म्हटलं, तरी काकू चिमटा काढायच्या, "ते मत झालं. दिसतंय काय?" काकांचं मत घरी जाताना बसमध्ये, तेही कुणी विचारलं तर. बाहेर पायऱ्यांवर माणसं काकूंसाठी थांबू लागली. त्या कुणाला सोडत नसत, पण उगाच झोडपतही नसत. सगळ्यांनी नावं ठेवलेल्या एका सिनेमाला त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज खरा आहे. तेवढ्यासाठी पुन्हा येईन." आणि आल्या.

आता माझं सध्याचं सांगते. गेल्या वर्षी मालकांनी थिएटरचं नूतनीकरण केलं. आत आता आडव्या होणाऱ्या, बटणावर पाय वर करणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या आल्यात. त्यांच्याशी माझं वैर नाही, पण आडव्या माणसाला मत नसतं, घोरणं असतं. आम्ही बहुतेक जणी भंगारात गेलो. डोअरकीपरच्या आग्रहामुळे जी रांगेतल्या बारा, तेरा आणि चौदा या तिघींना बाहेरच्या दालनात, जिन्याशेजारी बसवलंय, वयस्कर मंडळींना टेकायला म्हणून. रेक्झिन फाटलंय, डावा हात लटकतोय. पडदा मला आता दिसत नाही. जाड दारातून नुसते आवाज येतात, आणि आत काय चाललंय याचा मी अंदाज बांधत बसते. बहुतेक वेळा चुकतो.

पण शुक्रवारी साडेपाचला दार उघडतं, काकू माझ्यावर येऊन बसतात, आणि मला सिनेमा कळतो.

परवाची गोष्ट. माणसं जमली होती. "काकू, कसा होता?" कुणीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, "दरवेळी मीच का? आज तुम्ही सांगा."

दोघा-तिघांनी खिशातून फोन काढून सिनेमाला किती तारे मिळालेत ते बघायला सुरुवात केली. स्वतःला कसा वाटला, हे दुसऱ्याला विचारून ठरवणारा माणूस हा एकच प्राणी मी पाहिलाय.

मग मागून एक भरदार मिशांचा, पहिलवानी अंगाचा गृहस्थ पुढे आला. खाकरला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "सगळे भिकार म्हणतायत. पण मला आवडला. मी... दोनदा रडलो."

हसायला दोन-चार तोंडं उघडलीच होती. काकूंनी हात वर केला, तशी ती मिटली.

काका तेरावर बसले होते. काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं, "अहो, उठा. त्यांना बसू द्या." काका उठले. तो धिप्पाड माणूस तेरा नंबरवर अवघडून बसला, आणि काकू आवाजाच्या दिशेनं पूर्ण वळल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा कुठे रडलात? घाई नाही. आमची बस सहाला आहे."

तो सांगू लागला, आणि आम्ही तिघी कान देऊन ऐकत होतो.

तुम्हीही या कधी. जागा आहे. फक्त दुसऱ्याचं मत पाठ करून येऊ नका, तसल्या वजनानं मी कुरकुरते.