सूद साहेबांचा आवाज

कंपनीवर कोणकोणती संकटं येऊ शकतात, हे सांगणं हेच देवयानी पाठकचं काम होतं. पुण्याहून दिल्लीला येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. गुरुग्रामच्या ज्या कंपनीत ती होती, तिची औषधांची शीतगोदामं कुंडली, मानेसर आणि गाझियाबादला होती. इन्सुलिन, लसी, जे जे थंडच राहिलं पाहिजे ते तिथून उत्तरेतल्या रुग्णालयांना जायचं.

जूनमधल्या त्या मंगळवारी ती काचेच्या मीटिंग रूममध्ये संचालकांपुढे उभी होती. पडद्यावर जगाचा नकाशा होता. कुठे युद्धामुळे जहाजं लांबच्या रस्त्याने जात होती, कुठे उष्णतेने वीजपुरवठा कोलमडत होता. सायबर हल्ल्यांपर्यंत ती आली तेव्हा दोन संचालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. कंपनीचे मालक सूद साहेब मात्र ऐकत होते. निदान तसं दाखवत तरी होते.

तेवढ्यात काचेपलीकडे अक्षया दिसली.

अक्षया लातूरची. आयटी हेल्पडेस्कवर नुकतीच लागलेली, अजून प्रोबेशनवर. कुणाचा पासवर्ड अडकला की तो सोडवून द्यायचा, हे तिचं काम. ती काचेला जवळजवळ चिकटून उभी होती आणि सूद साहेबांकडे भूत बघावं तसं बघत होती. देवयानीने सगळ्यांची माफी मागितली आणि ती बाहेर आली.

"काय झालं गं?"

"मॅडम, सूद सर केव्हापासून आत आहेत?"

"सकाळपासून. का?"

"मला आत्ता त्यांचा फोन आला होता. एअरपोर्टवर आहे म्हणाले. फोन हरवलाय, नवा घेतलाय, पासवर्ड लगेच बदलून दे म्हणाले. आवाज त्यांचाच होता मॅडम, शंभर टक्के. मी दिला. नंतर पाणी प्यायला उठले, तर सर इथे बसलेले."

सूद साहेबांच्या खात्यातून कंपनीची प्रत्येक सिस्टीम उघडत असे, गोदामांचं तापमान सांभाळणारीसुद्धा. एवढे अधिकार एका खात्याला नकोत, असं तिने अनेकदा सांगून पाहिलं होतं. साहेब हसून म्हणाले होते, "अपने ही घर में ताला?"

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही. सरळ तुमच्याकडे आले. मॅडम, माझी नोकरी..."

"ते नंतर बघू. आधी आत चल."

देवयानीने सगळ्यांसमोर घडलं ते थोडक्यात सांगितलं. सूद साहेबांचा चेहरा आक्रसला. "किसी ने मज़ाक किया होगा."

हेल्पडेस्कचे फोन रेकॉर्ड होत. अक्षयाने लॅपटॉप उघडून त्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. खोलीत सूद साहेबांचा आवाज घुमला, तोच खर्जातला, तसाच मध्येच खाकरणारा. "बेटा, जल्दी करो, फ्लाइट बोर्ड हो रही है."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मैंने ये नहीं बोला," ते अगदी हळू म्हणाले. त्यांची कितीतरी भाषणं इंटरनेटवर होती. त्यातूनच कुणीतरी हा आवाज घडवला होता.

"सर, वो लोग अभी हमारे सिस्टम के अंदर हैं," देवयानी म्हणाली. "पूरा नेटवर्क काट देते हैं. गोदामों समेत."

"पागल हो? बाहर पैंतालीस डिग्री है! गोदाम बिना सिस्टम के?"

"माणसं आहेत ना तिथे. मशीन हाताने चालवतील, थर्मामीटर घेऊन उभी राहतील. पण त्या लोकांनी आपल्याला बाहेर ठेवून तापमान वाढवलं, तर काय करणार?"

हे ती मराठीतच बोलून गेली आणि मग तेच हिंदीत पुन्हा सांगितलं. साहेबांनी एकदा अक्षयाकडे पाहिलं. "कर दो," ते म्हणाले.

सगळं तोडलं गेलं. ऑफिसमधले पडदे एकेक करून काळे झाले. बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावणं गेलं, रुग्णालयांना फोन गेले. तिन्ही गोदामांचे व्यवस्थापक मोबाइलवरून तापमान सांगू लागले. मानेसर ठीक, गाझियाबाद ठीक. कुंडलीच्या व्यवस्थापकाचा आवाज मात्र चढला होता. एका खोलीचं यंत्र सिस्टीम तुटताच बंद पडलं होतं, आणि ते सुरू होईना.

"उस कमरे में क्या है?"

"इन्सुलिन, मैडम."

देवयानीने डोळे मिटले. हा निर्णय तिचा होता. आता माल खराब झाला, तर तो हल्लेखोरांनी नव्हे, तिने खराब केलेला असणार होता. "बगल वाले कमरे में शिफ्ट करो. अभी, सब लोग मिलके."

फोन चालूच राहिला. पलीकडून पावलं, ट्रॉलींची खडखड, कुणाचं तरी ओरडणं ऐकू येत होतं. अक्षया शेजारी बसून नखं खात होती. दोघींच्या जेवणाचे डबे तसेच पडले होते. खूप वेळाने धापा टाकत तो व्यवस्थापक म्हणाला, "हो गया मैडम. आख़िरी पेटी भी अंदर. तापमान हद में ही रहा."

देवयानी भिंतीला टेकली. अक्षया रडू लागली.

ऊन उतरता उतरता तज्ज्ञांची प्रमुख, इशिता नावाची गंभीर चेहऱ्याची बाई, सूद साहेबांच्या केबिनमध्ये आली. हल्लेखोर आत शिरले होते, हे खरं होतं. सगळं कुलूपबंद करणारा प्रोग्राम त्यांनी बऱ्याच संगणकांवर ठेवला होता. पण तो चालू करायच्या आधीच त्यांचा संपर्क तुटला होता. "थोड़ी देर और होती, तो आप मुझसे कुछ और सुन रहे होते," ती म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

साहेबांनी मोठ्ठा श्वास सोडला. मग त्यांनी दाराशी उभ्या अक्षयाला आत बोलावलं. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

"तुमने बताया क्यों? चुप भी रह सकती थी."

"भीती... डर तो लगा था सर. पर दवाइयाँ थीं ना."

"कल टाइम पे आना," साहेब म्हणाले. "और देवयानी, मेरे अकाउंट पे ताला लगा दो. जितने चाहे उतने."

बाहेर आल्यावर अक्षयाने विचारलं, "म्हणजे काढलं नाही ना मला?"

"नाही गं वेडे!"

दोघी एकत्रच मेट्रोत चढल्या. अक्षया सरोजिनी नगरला मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. आयएनए स्टेशनवर तिला गाडी बदलायची होती. देवयानीचं हौज खास स्टेशन त्याच्या आधीच येई. एसीचा गार झोत अंगावर आला, बसायला जागा मिळाली आणि दोघींना एकदमच भूक लागली. डबे उघडून त्यांनी मांडीवर रुमाल पसरले आणि मेट्रोत खायला मनाई असूनही गार पोळीभाजी गुपचूप खाल्ली. समोरच्या आजी डोळे वटारून बघत होत्या, मग त्यांनाही हसू आलं.

"ताई, आईला सांगू का आजचं?" अक्षयाने विचारलं. मॅडमची ताई कधी झाली, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

"सांग की. सगळं सांग."

पण फोन हातात धरूनच ती झोपली. तिचं डोकं देवयानीच्या खांद्यावर कललं. हौज खास आलं, दारं उघडली, माणसं चढली-उतरली. देवयानी हलली नाही. आयएनए आलं की हिला उठवायचं आणि मग उलट दिशेच्या गाडीने परत यायचं, असं ठरवून तिने मान मागे टेकली.