ईश्वर पेंटरची दीर्घ ई

नवरा जाऊन अकरा दिवस झाले होते. शकुंतलाबाई ओसरीवर तेरवीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात निकेश, त्यांचा मुलगा, बाहेरून आला आणि मोबाइल पुढे करत म्हणाला, "माय, चौकात फ्लेक्स लागला. बाबाचा फोटो तं असा आला का जसे बोलूनच राहिले."

फोटो खरंच चांगला आला होता. निळा शर्ट, वर केलेली मान, ओठांवर थोडंसं हसू. शकुंतलाबाईंचे डोळे भरून आले. मग नजर फोटोखालच्या अक्षरांवर गेली, आणि आलेलं पाणी तिथेच आटलं.

'भावपुर्ण श्रध्दांजली. स्व. इश्वर यांचे दुखद निधन. शोकाकूल परीवार.'

"हे कोनं लिवलं?"

"साकोलीच्या फ्लेक्सवाल्यानं."

"आन तू वाचलं नाही?"

"वाचलं ना. समजते तं."

'समजते तं' हे दोन शब्द त्यांना सुईसारखे टोचले. सूप बाजूला सरकवून त्या उठल्या.

शकुंतलाबाई शाळेत चौथीपर्यंतच गेल्या. पण त्यांचा नवरा, ईश्वर, बत्तीस वर्षं पाट्या रंगवत होता. साकोलीतली कापडाची दुकानं असोत की पार तिकडच्या बपेऱ्यापर्यंतच्या भिंती, लोक त्यालाच बोलवायचे. तो खडूनं अक्षरांची कड आखायचा आणि शकुंतलाबाई आत रंग भरायच्या. दुसऱ्या उकाराचं शेपूट कुठे वळतं, पहिली वेलांटी कुठून उतरते, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. त्यांचा हातच ते शिकला होता. शंका आली की ईश्वर शिडीवरून खाली उतरायचा, सायकलच्या हँडलला लटकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून शब्दकोश काढायचा, बघायचा आणि पुन्हा वर चढायचा. दुकानदार कावायचे. "अबे पेंटर, कोन पायते एवढं?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "पोरं पायतात शेठ. पाट्या वाचूनच शिकतात ते."

एका दुकानदारानं 'किर्ती' असंच लिही म्हणून हट्ट धरला, तेव्हा ईश्वर अर्धी पाटी तशीच सोडून, ब्रश धुऊन घरी आला होता. शकुंतलाबाई तेव्हा तीन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. एका वेलांटीसाठी हातचं काम सोडणारा माणूस त्यांना वेडाच वाटला होता.

त्याचं स्वतःचं नाव मात्र शाळेतच बिघडलं होतं. गुरुजींनी दाखल्यावर लहान इ काढली, तिथून ती गुणपत्रिकेवर गेली आणि शेवटी आधार कार्डावर जाऊन बसली. कागदावर त्याचा इलाज चालला नाही. पण रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात तो नखाएवढ्या अक्षरात लिहायचा, 'ईश्वर पेंटर, एकोडी'. ई दीर्घ. बत्तीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

आणि त्याच माणसाला आता त्याच्याच गावच्या चौकात लहान इ घालून टांगलं होतं.

"निकेश, गाडी काढ. साकोलीले जायचं आहे."

खाटेवर बसलेले मोठे दीर कृष्णराव दचकले. "शकुंतला, तेरवी व्हायची आहे अजून. लोक काय म्हनतील? असं घराबाहेर पडत असतात का?"

"भाऊजी, ज्याची तेरवी आहे त्याचंच नाव चुकलं."

"एका अक्षरानं मानूस बदलते का?"

"तुमच्या सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलं होतं, तवा किती चकरा मारल्या तुमी तहसीलीच्या?"

शकुंतलाबाईंनी पदर खोचला आणि मोटारसायकलवर मागे बसल्या.

फ्लेक्सच्या दुकानात दुकानदार भूपेंद्र एकटाच होता. पंचविशीतला, बोलायला गोड. त्यानं लगेच खुर्ची पुढे केली. "काकू, फोटोत काही कमी आहे का?"

"फोटो बरा आहे. अक्षरं वाच."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. त्याला काहीच दिसलं नाही. शकुंतलाबाईंनी एकेक चूक दाखवली तेव्हा तो हसला. "काकू, हे मी टाइपच नाही केलं जी. फाइल बनलेलीच आहे. मी फक्त फोटो अन नाव बदलवतो."

त्यानं कॉम्प्युटरवर अशा फाइलींचं फोल्डर उघडून दाखवलं. एकाखाली एक चेहरे आले. फेटा बांधलेला म्हातारा. कुठली तरी आजी. शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी. प्रत्येकाच्या फोटोखाली तेच 'भावपुर्ण', तेच 'श्रध्दांजली'. शकुंतलाबाई त्या मुलीकडे बघत राहिल्या. इथे येताना राग फक्त आपल्या नवऱ्यासाठी होता. आता तो त्या सगळ्यांसाठी होता.

"एवढ्या मान्सायले तू असंच लावून देल्लं? एकाच्याबी वेळी वाचावंसं नाही वाटलं?"

भूपेंद्रचा चेहरा पडला. मग तोही थोडा चिडला. "रागावू नका काकू, पन तुमीबी तं 'मान्सायले' म्हनता. 'पानी' म्हनता. ते शुद्ध आहे का?"

निकेशनं मान खाली घातली. त्याला नागपुरात कॉलेजात 'पानी' म्हटल्यावरूनच पोरं हसली होती.

शकुंतलाबाईंचा आवाज चढला. "ते माहं बोलनं आहे. माही माय असंच बोले, तिची मायबी असंच बोले. आमचं पानी आमच्या बोलीत पानीच आहे, त्यात चूक नाही. पन तू हे पुस्तकातलं लिवाले बसला न? मंग ते पुस्तकासारखं लिव. हे 'भावपुर्ण' आमच्या बोलीतलंबी नाही आन पुस्तकातलंबी नाही. कोनाच्या घरचं आहे हे, सांग?"

भूपेंद्रनं खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. "सांगा, कुठं कुठं बदलवू?"

त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि पडद्यावर बोट ठेवून सांगू लागल्या. पूर्णाला दुसरा उकार. श्रद्धांजलीत आधी द, मग ध. शोकाकुलला पहिला उकार. परिवाराला पहिली वेलांटी. दुःखाची दोन टिंबं भूपेंद्रला कीबोर्डवर सापडेनात; ती शोधण्यात पाच मिनिटं गेली. शकुंतलाबाई तेवढा वेळ बोट हलवायला तयार नव्हत्या.

"आता नाव. मोठी ई."

"माय, आधारवर लहान आहे," निकेश म्हणाला. "मृत्यूच्या दाखल्यावरबी तीच येईल. दोन ठिकानी दोन नावं कायले?"

"सरकारी कागदावर राहू दे लहान. चौक सरकारी कागद नाही. चौकात तुह्या बापानं जलमभर मोठीच लिवली."

संध्याकाळी जुना फ्लेक्स उतरला आणि नवा चढला. दोऱ्या घट्ट बांधेपर्यंत शकुंतलाबाई खाली उभ्या होत्या. जाणारे-येणारे बघत होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

तेरवीला दोनशे माणसं जेवली. फ्लेक्सखालूनच सगळे आले आणि गेले. अक्षरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कृष्णराव तर चष्मा लावून बराच वेळ बघून आले आणि म्हणाले, "मले तं दोन्ही सारखेच दिसतात." शकुंतलाबाईंनी त्यांच्या ताटात एवढ्या जोरात भात वाढला की वरण उडालं.

महिनाभरानं त्या बाजाराला साकोलीत गेल्या, तर बसस्टँडसमोर नवा फ्लेक्स होता. 'भावपूर्ण' बरोबर, 'श्रद्धांजली' बरोबर. आणि खाली ठसठशीत अक्षरात 'प्रथम पूण्यस्मरण'. भाजीची पिशवी घेऊन त्या तशाच दुकानात शिरल्या.

"काकू, तुमीच तं सांगतलं दुसरा उकार!" भूपेंद्र खुर्चीतून उठलाच.

"पूर्णाले सांगतलं! पुण्याले कोनं सांगतलं?"

त्यानं कपाळाला हात लावला. नंतर एक वही काढली आणि म्हणाला, "बसा. सारे शब्द सांगूनच द्या एकदाचे." त्या बसल्या. वहीची तीन पानं भरली.

आता तो छापायच्या आधी फ्लेक्स निकेशच्या मोबाइलवर पाठवतो. शकुंतलाबाई दाराच्या उजेडात चष्मा लावून वाचतात आणि फोनवरून त्याला झापतात. परवाच एक आला होता. त्यात तीन चुका होत्या, आणि त्यातली एक गेलेल्या माणसाच्या आडनावात.