उडीमावशींचा गुडघा

"आता आमेन म्हणा की हो बाई, चहावर साय धरली," उडीमावशींची धाकटी जाऊ डोळे मिटूनच पुटपुटली. खांद्याला खांदा लावून बसल्यामुळे ते थेट मावशींच्या कानात शिरलं. मावशींना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दडपलं. खोकल्याने अंग हललं, अंगाबरोबर पाय हलला, आणि गुडघ्याला जाग आली. हसू जागच्या जागी विरलं.

समोर अध्यक्षाबाई देवाशी बोलत होत्या. म्हणजे तोंड देवाकडे होतं, बोलणं खोलीतल्या बायकांशी.

"हे पित्या, तुला ठाऊकच आहे, मागच्या संमेलनानंतर काहीजणी खुर्च्या न आवरता घरी गेल्या. त्यांना तू सेवेचं मन दे."

लगेच ऑर्गन वाजवणारीने आपला सूर लावला. "आणि प्रभू, खुर्च्या उचलायला सांगणाऱ्या स्वतः पाहुण्यांच्या पंगतीला बसल्या होत्या, तेही तू पाहिलंस. त्यांना नम्रता दे."

चर्चच्या पाळकांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, दोन्ही बाजू सांभाळत एकदा इकडे, एकदा तिकडे 'होय प्रभू' म्हटलं.

चर्चच्या महिला मंडळाची ही रीतच होती. एरवी कुणी कुणाला लागेल असा शब्द काढायचा नाही. सगळ्याजणी गोड, इतक्या की ऐकणारीचे दात किडावेत. मनातलं काय ते डोळे मिटून देवाला सांगायचं. ते बरोब्बर त्या बाईला पोचतं, आणि मध्ये देव असल्यामुळे तिला भांडताही येत नाही. कुणाला 'नाही' म्हणायचं असेल तर 'प्रार्थनेत ठेवू या' म्हणायचं. मंडळाने आजवर प्रार्थनेत ठेवलेल्या गोष्टी कुणी खरोखरच आणून ठेवल्या असत्या, तर चर्चमागची अडगळीची खोली कधीच भरून वाहिली असती.

उडीमावशींचं नाव अर्थातच उडी नव्हतं. काही वर्षांमागे त्या काठी टेकत मंडळाच्या वार्षिक संमेलनाला आल्या होत्या. गुडघा टम्म फुगलेला. प्रार्थना चालू असताना त्यांना गुडघ्यात काहीतरी कोमट पसरल्यासारखं वाटलं आणि दुखणं गेलं. गेलं म्हणजे गेलंच. आनंदाच्या भरात त्यांनी काठी टाकली आणि पायऱ्यांकडे न बघता तशाच मंचावर उडी मारली. खोटं नव्हतं ते. मावशींना खोटं बोलायला जमतच नसे, लगेच कान लाल होत. पण त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलंच, आणि देवाने कसं बरं केलं याची साक्ष मंचावरून देताना दरवर्षी उडी मारावी लागू लागली. दुसऱ्या चर्चमधल्या बायका तर विचारूनच येत, "यंदा उडी आहे ना?"

मागच्या संमेलनानंतर गुडघा परत आला. रुसून माहेरी गेलेली सून पेट्या-बोचक्यांसकट परतावी तसा आला, आणि ठाण मांडून बसला. मावशी चर्चच्या पायऱ्या खेकड्यासारख्या आडव्या चढू लागल्या.

हे कुणालाही दिसलं नाही. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "नव्या चपला चावतात वाटतं." पाळकीणबाई म्हणाल्या, "मावशींची चाल बघा, किती शांत झालीय. आतून येते ती शांती." मावशीही "चपलाच" म्हणाल्या, आणि कान पदराने झाकून घेतले. दुखतो म्हणावं, तर देवाने काम कच्चं केलं असं होतं. नाहीतर मग आपला विश्वास कच्चा. दोन्हीतलं काय कबूल करायचं? शिवाय उडी गेल्यावर नुसत्या मावशीला कोण ओळखणार, ही धास्ती होतीच. ती त्यांनी जावेलाही सांगितली नव्हती.

डॉक्टरांकडे मात्र जाऊच ओढत घेऊन गेली होती. ते म्हणाले, "सांधा झिजलाय. बदलायला लागेल. अजून ढकललंत तर कायमच्या बसाल." काउंटरवरच्या मुलीने ऑपरेशनची तारीख काढली. नेमका संमेलनाच्या आदल्या दिवशी दाखल व्हायचं होतं.

"प्रार्थना करून कळवते," मावशी सवयीने म्हणाल्या.

"करा की. पण उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर तारीख दुसऱ्यांना जाईल. मग पुढची कधी ते मलाही नाही माहीत."

तो 'उद्या' म्हणजे आजचा दिवस होता.

आणि आज बैठकीत अध्यक्षाबाईंनी यंदाचा विषय जाहीर केला होता: 'विजयी पावले'. भिंतीवर कापडी फलकही लागला होता. रंगाऱ्याने त्यावर उडी मारणारी बाई काढली होती, पण त्याचा हात असा काही वळला होता की ती विहिरीत पडताना दिसत होती.

"मंचही यंदा उंच करून घेतलाय," अध्यक्षाबाई म्हणाल्या होत्या. "मागच्या रांगेतल्यांनाही उडी दिसली पाहिजे!"

"यंदा साक्ष दुसऱ्या कुणीतरी दिली तर?" मावशींनी विचारून बघितलं होतं.

"प्रार्थनेत ठेवू या," अध्यक्षाबाई गोड हसून म्हणाल्या होत्या. म्हणजे विषय संपला.

मग आता मावशींनीही मंडळाचाच रस्ता धरायचं ठरवलं. अध्यक्षाबाईंच्या आमेनआधी त्यांनी मध्येच तोंड घातलं.

"हे प्रभू, एक भगिनी आहे. नाव घेत नाही. तिचा गुडघा तू बरा केला होतास, तो परत दुखायला लागलाय. तिला सांगायची लाज वाटते. तिला धीर दे."

खोली अशी चिडीचूप झाली की ऑर्गनवालीच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. जावेने मावशींचा हात घट्ट धरला.

"हे पित्या," अध्यक्षाबाईंचा आवाज जरा चढलाच, "त्या भगिनीचा विश्वास कुठे डळमळला, ते तिला दाखव."

"पलीकडच्या गल्लीतल्या त्या भगिनीला," ऑर्गनवालीने पत्ताच दिला, "जी आपली मंडळी सोडून दुसऱ्या चर्चला जाते, तिला तू परत आण."

"होय प्रभू," पाळकीणबाई म्हणाल्या. "आमेन."

डोळे उघडले आणि चहाच्या कपांबरोबर तर्क फिरू लागले.

"मी नाव घेणार नाही, पण शिवणकाम करते तीच ना?"

"छे हो, तिची कंबर. गुडघा त्या मास्तरीणबाईंचा."

"त्या तर वारल्या गेल्या वर्षी."

"हो का? मग त्या नसतील."

गावातले जिवंत आणि मेलेले सगळे गुडघे मोजून झाले. फक्त त्यांच्या समोर, टेबलाबाहेर लाकडासारखा ताठ पसरलेला एक गुडघा तेवढा राहिला. त्याला अडखळू नये म्हणून मात्र जी ती वळसा घालून चहा घ्यायला जात होती.

"मला सुचलं!" अध्यक्षाबाईंनी टाळी वाजवली. "त्या भगिनीला आपण शोधून काढू, मंचावर आणू. मावशी उडी मारतील आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना करतील."

"एवढं वाकायला जमायला पाहिजे माणसाला," जाऊ बशीत बघत म्हणाली.

"काय म्हणालात?"

"चहा गार झालाय म्हटलं."

मग सगळ्याजणी नवा मंच बघायला सभागृहात आल्या. मंच खरोखरच उंच होता, नव्या लाकडाचा वास मारत होता.

"उडी आज नको, ती त्या दिवसासाठी राखून ठेवू," अध्यक्षाबाई उदारपणे म्हणाल्या. "आज नुसत्या पायऱ्या चढून या. उभं कुठे राहायचं ते ठरवू."

बाकीच्या पटापट वर गेल्या. मावशी खाली उरल्या, शेजारी जाऊ. मावशींनी कठडा धरला, बरा पाय वर टाकला आणि दुसरा उचलायला गेल्या. तोंडातून "आई गं" निघालं. मोठ्यानेच निघालं.

वर उभ्या असलेल्या सगळ्याजणी एकदम फलकावरच्या विहिरीतल्या बाईकडे बघू लागल्या.

"आपण असं करू," अध्यक्षाबाई घाईघाईने म्हणाल्या, "डोळे मिटू या. आपण प्रार्थना करू, तोवर मावशी सावकाश येतील."

सगळ्यांचे डोळे इतक्या झटकन मिटले, जणू दिवे गेले.

मावशींना कळलं. आता हवं तसं चढता येईल. बसून, उलटं सरकत, घरी जिना चढतात तसं. कुणी बघणार नाही. संमेलनाच्या दिवशीही अध्यक्षाबाई अख्ख्या सभागृहाला डोळे मिटायला लावतील. त्या पहिल्या पायरीवर टेकल्याही. हात मागे लावून जोर करणार, तेवढ्यात जावेकडे लक्ष गेलं. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"हात देऊ का वर जायला?" ती हळूच म्हणाली. "देईन मी. पण जाऊबाई, देवाला ठाऊक आहे हो. त्याला कितीदा सांगाल?"

वरून अध्यक्षाबाईंचा आवाज येत होता. "हे पित्या, आम्हाला दृष्टी दे. आमच्या भगिनींचं दुःख आम्हाला दिसू दे..." डोळे त्यांनी इतके आवळले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

मावशींना आता खरोखरच हसू आलं. या वेळी त्यांनी ते खोकल्यात दडपलं नाही. पायरीवर नीट बसल्या, दुखरा पाय लांब केला, त्यावर दोन्ही हात ठेवले.

"अध्यक्षाबाई, आमेन म्हणा आधी."

प्रार्थना अडखळली. "आमेन," अध्यक्षाबाई पुटपुटल्या. डोळे मिटलेलेच.

"आता डोळे उघडा गं सगळ्याजणी. इकडे, माझ्याकडे बघा. नाव न घेतलेली भगिनी मीच आहे. माझा गुडघा दुखतोय, वर्षभर दुखतोय, आणि तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे. यंदा उडी नाही, आज संध्याकाळच्या आत मी ऑपरेशनची तारीख पक्की करतेय."