इरम्माची लाईन

इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात उमाशंकरनं कॉम्प्युटरचा पडदा लाईनमन वीरभद्रकडे वळवला.

"काका, हे बघा. तेर गावची इरम्मा. एकटी बाई, आणि एवढं नेट? शेजारच्या चार घरांना लाईन वाटलीय तिनं. आज तोडून या."

पडद्यावर इरम्माच्या महिन्याभराच्या वापराचा आलेख होता. बराच वेळ सपाट रेघ, मग एकदम सुळके, पुन्हा सपाट.

"एकटीच हाय, साहेब. तिला ऐकू येत न्हाय, बोलता येत न्हाय. लेक पण तशीच, गुलबर्ग्याला दिलीय. दोघी व्हिडिओवर हातानं बोलत्यात. घरात मोबाईलला रेंज न्हाय, हीच एक लाईन."

"एका माणसाचा वापर महिन्याभरात सरासरीनं सारखा दिसतो. इथं उड्याच उड्या आहेत. म्हणजे माणसं जास्त."

वीरभद्रची अकरा वर्षं गावोगाव केबल ओढण्यात गेली होती. तक्रारी तपासताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. माणसाचा एक तास बघा, दिवस बघा, महिना बघा, आकार तोच. सुळके, मधे मोकळी जागा, आणि सुळक्यातसुद्धा तसेच लहान सुळके. हे त्यानं दोनदा ऑफिसात सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा लोक हसले होते.

त्यानं इरम्माचे तासाचा, दिवसाचा, महिन्याचा असे तीन आलेख उघडले आणि खालचे आकडे तळहातानं झाकले.

"यातला महिना कंचा, सांगा."

उमाशंकरनं वैतागून मधल्यावर बोट ठेवलं. वीरभद्रनं हात काढला. तो एक तास होता.

"योगायोग आहे."

"मग ह्यो बघा." वीरभद्रनं दुसऱ्याच ग्राहकाचे तीन आलेख उघडले. तेच सुळके, तीच मोकळी जागा. "हितं किती घरं जोडल्यात?"

"कुणाची लाईन आहे ही?"

"तुमच्या घरची."

शेजारच्या टेबलावरचं काम थांबलं. उमाशंकरनं पडदा आपल्याकडे ओढून घेतला.

"माझ्या घरचं बघायला कुणी सांगितलं तुम्हाला? तीन वाजेपर्यंत लाईन तुटली पाहिजे. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

तेरपर्यंत मोटारसायकलवर वीरभद्र स्वतःलाच शिव्या देत होता. दुसऱ्या कुणाचाही आलेख दाखवला असता तर चाललं असतं. कदाचित पटलंही असतं. चार लोकांसमोर साहेबाला गप्प करायची हौस त्याला आली, आणि ती इरम्माला भोवली.

इरम्माचं दार उघडंच होतं. फोन डब्याला टेकवून ती लेकीशी बोलत होती. हात भराभर चालत होते. मधेच ती थांबायची, लेकीचे हात बघायची, हसायची. वीरभद्र उंबऱ्याशी उभा राहिला. तीन वाजून गेले. दाराबाहेर रेंज होती; खिशातला फोन दोनदा वाजला, त्यानं तो काढला नाही.

शेवटी इरम्माचं लक्ष गेलं. तिनं खुर्ची पुढे सरकवली. तो बसला नाही. खिशातल्या कागदावर त्यानं लिहिलं, 'लाईन बंद करायला सांगितलंय. तुमची काही चूक नाही. मी सांगून बघितलं.'

तिनं ते दोनदा वाचलं. कागदाची नीट घडी घातली आणि फोनकडे वळून लेकीला सांगितलं. मग वीरभद्रकडे बघून तिनं भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीकडे हात केला. करा तुमचं काम.

त्यानं वायरला हात घातला. फोनच्या पडद्यावर लेक अजून हातानं बोलत होती. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तिचे हात खाली येईपर्यंत तो तसाच वायर धरून उभा राहिला.