शिट्टीचा कबुलीजबाब

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि माझा स्वभाव पक्का संशयी आहे. जिचा जन्मच दुसऱ्याची चूक पकडण्यासाठी झाला, तिने विश्वास कोणावर ठेवायचा? पोटात बुचाचा एक गोळा, अंगावर एक फट आणि एक काळी दोरी, एवढीच माझी इस्टेट.

मला नंदाखाल गावच्या थेरेसाबाईंनी आपल्या मुलासाठी, रुडॉल्फसाठी आणले. रुडॉल्फ तेव्हा विशीतला होता आणि चर्चच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉल शिकवत होता. मैदान तरी कसले! माडाला ठोकलेली एक लोखंडी रिंग आणि पलीकडे केळीची वाडी. चेंडू वाडीत गेला की खेळ थांबायचा. रुडॉल्फचा आवाज बारीक, तो मैदानाच्या टोकापर्यंतसुद्धा पोहोचत नसे. म्हणून मी.

रुडॉल्फ सरांची एक रीत होती. फाऊल झाला की ते मला वाजवायचे, पण नाव कोणाचेच घ्यायचे नाहीत. "जिचं चुकलं तिने हात वर करायचा," एवढेच म्हणायचे. मला ही रीत मुळीच पटली नव्हती. आपण होऊन कोण चूक कबूल करते? पहिला आठवडा एकही हात वर गेला नाही. सर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि खेळ सुरूच करायचे नाहीत. आठव्या दिवशी एक हात वर गेला. पुढे तर एकाच चुकीसाठी दोन-दोन हात वर जाऊ लागले. तरी माझे मत एकच, या पोरी सरांना खूश करायला बघतात.

त्याच रीतीवर सर मोठे झाले. त्यांच्या मुलींनी आधी जिल्हा जिंकला, मग राज्य, आणि एके दिवशी मुंबईच्या एका व्यावसायिक संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावले. तीन वेळा विजेतेपद आले. पेपरातल्या फोटोत कप सरांच्या हातात होता, पण छातीवर मी होते. तीस वर्षे मी ती जागा सोडली नाही.

मग मागच्या हंगामात सरांनी मला गळ्यातून काढून शोकेसमध्ये ठेवले. माझ्या जागी हातात धरून बटण दाबायची प्लास्टिकची शिट्टी आली. मला फार लागले ते. का काढले, हे कोणी सांगेना, आणि संशय घ्यायला मला तर तेवढेच हवे होते.

काचेआडून मी पाळत ठेवली. कुठेतरी पाणी मुरत होते. सरांची पत्नी लविना वाडीत गेली की ते फोनवर, "चंदनसारला येतो शनिवारी," एवढेच बोलायचे. शनिवारी स्कूटर काढून जायचे आणि परतल्यावर खिशातला कागद कपांच्या मागे, माझ्याच शेजारी दडवायचे. नक्की दुसऱ्या क्लबशी बोलणी चालली असणार, असे मी ताडले. लविनाने स्वयंपाकघरातून हाक मारली तरी ते ओ देत नसत. मी म्हटले, मोठेपण डोक्यात गेले.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर संघातली अनुष्का घरी आली, लंगडत. लविनाने तिच्यापुढे सुकेळी ठेवली, वाडीतली केळी स्वतः उन्हात वाळवून पानात बांधलेली. पोरीने हात लावला नाही.

"आंटी, सर माझ्यावर चिडलेत का?" ती म्हणाली. "मॅचमध्ये मी दोनदा ओरडले, सर, मला बाहेर घ्या, पाय दुखतोय. त्यांनी बघितलं पण नाही. मग पाय मुरगळला. सगळ्या बोलतात, सरांना आता फक्त कप पाहिजे."

"तसं नाही गं बाळा," लविना म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तिच्या मनातही संशय होताच.

सर दारात उभे होते. त्यांना किती ऐकू आले कोण जाणे, पण पायाची पट्टी दिसली. मग त्या मोठ्या माणसाने हळूच हात वर केला.

"फाऊल माझा आहे," ते म्हणाले. "डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. उजवापण जायला लागलाय. चंदनसारला कानाच्या डॉक्टरकडे जातो. बहिरा कोच कोण ठेवेल, म्हणून लपवलं. हिलासुद्धा नाही सांगितलं."

 लविना उठली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"पण झालं कशाने, सर?" अनुष्काने मोठ्याने विचारले.

"शिट्टीने. तीस वर्षं रोज कानाशी तो आवाज. डॉक्टर म्हणतात, त्यानेच. म्हणून तर तिला गळ्यातून काढलं."

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी साऱ्या घरावर संशय घेतला आणि चोर माझ्याच पोटात होता.

"मग फेकून द्या ना तिला," अनुष्का म्हणाली.

सरांनी काच सरकवली आणि मला तळहातावर घेतले. "तिचा काय दोष? फुंकत तर मीच होतो. कानात बोळे घालायला काय झालं होतं मला?" त्यांनी मला शर्टाला पुसले आणि जागेवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाला सगळे सांगून टाकले. पद राहील की जाईल, ते अजून ठरलेले नाही. पण अनुष्का सांगत होती, आता मुली सरांना हाक मारत नाहीत. समोर येतात आणि हात वर करतात.

मुलांनो, कान जपा. आणि कोणी ओ देत नसेल, तर मनात खटला चालवण्याआधी त्याच्यासमोर जाऊन विचारा. गळ्यात परत जायचा हट्ट मी सोडला आहे. तीस वर्षे मी दुसऱ्यांचे हात वर जायची वाट पाहिली. आता माझी पाळी आली, तर मला हातच नाही. म्हणून हे सगळे सांगितले. चूक माझी होती.